आर्जवचं वाक्य

"आवं, बसा की जरा. चावी आणाय माणूस धाडलाय," गेटवरच्या वॉचमननं आपली प्लॅस्टिकची खुर्ची पुढं सरकवली.

भूपालअण्णा बसले नाहीत. उभ्याउभ्याच बोलत राहिले. समडोळीहून पहाटे निघालो, सांगलीत कराडची गाडी लगेच मिळाली, साताऱ्यात मात्र अर्धा तास मोडला, पाचगणीला थंडी असेल म्हणून मंडळींनी स्वेटर बांधून दिला तर इथं बघावं तो हे ऊन, तुमचं गाव कुठलं म्हणालात, माण तालुका व्हय, म्हणजे म्हसवडच्या अंगाला, आमच्या दुकानात लग्नसराईला म्हसवडचं गिऱ्हाईक असतंय, माणसं लय चांगली, "आणि वाईच्या पुढं गाडी घाटाला लागली तवा..."

तिथं त्यांची जीभ थांबली.

एकोणीस दिवसांपूर्वी त्याच घाटात, सकाळच्या धुक्यात, त्यांच्या मुलाची मोटारसायकल घसरली होती. आर्जव बत्तीस वर्षांचा होता. पाचगणीच्या या निवासी शाळेत तो सहा वर्षं इलेक्ट्रिशियन होता. गिझर, पंप, जनरेटर, वसतिगृहातले पंखे, सगळं त्याच्याकडं. शाळेच्या आवारातच त्याला एक खोली दिलेली होती. ती आज रिकामी करायची होती.

वॉचमन दुसरीकडं बघेना. भूपालअण्णांच्या तोंडाकडं बघत, हातातली काठी भिंतीला लावून तो नुसता थांबला. वाक्य पुरं होईल म्हणून थांबावं तसा. अण्णांना अवघडल्यासारखं झालं. कुणी आपल्यासाठी असं थांबतं याची त्यांना सवय नव्हती. तशी वेळच ते कधी येऊ देत नसत.

सांगलीच्या कापडपेठेत चौतीस वर्षं ते साड्यांच्या दुकानात होते. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसले की मालकाला काळजी नसे. बाई चपला काढते न काढते तोवर अण्णांचं सुरू. "या वैनी. माहेर कुठलं? कवठेमहांकाळ? मग आमच्या पाहुण्यातल्याच की तुमी!" एक साडी उलगडतानाच दुसरीची गोष्ट. नव्यानं कामाला लागणाऱ्यांना ते एकच मंत्र देत. "गिऱ्हाइकाला गप्प बसू द्यायचं न्हाई. गप्प बसलं की माणूस इचार करतंय. इचार केला की उठतंय." अण्णा बोलायला लागले की गिऱ्हाईक उठत नाही, असं पेठेत म्हणत, आणि ते खरं होतं. लग्नात, बारशात, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेच्या वेळी, कुठंही चार माणसं कोंडाळं करून हसत असली की मधे भूपाल मगदूम असणार हे ठरलेलं.

अशा माणसाच्या पोटी आर्जव जन्मला, आणि तो बोलताना अडखळायचा.

तिसरीत असताना पहिल्यांदा ते ठळक दिसलं. गुरुजींनी नाव विचारलं तर पोराच्या गळ्याची शीर फुगली, डोळे मिटले गेले, आणि "आ आ आ"च्या पुढं गाडी जाईना. वर्ग हसला. दारात उभ्या असलेल्या भूपालअण्णांनी तिथूनच सांगितलं, "आर्जव भूपाल मगदूम, गुरुजी!" पोराची मान खाली गेली. बापाला वाटलं, पोर सुटलं.

त्या दिवसापासून ते त्याला सोडवतच राहिले. पाहुण्यांनी विचारलं, अण्णांनी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठं दुखतंय, अण्णांनी सांगितलं. आयटीआयच्या प्रवेशाला साहेबांनी विचारलं, इलेक्ट्रिशियनच का, तर अण्णांनी असं काही सांगितलं की साहेब हसायला लागले आणि चहा मागवला. त्यात दुष्टावा तीळभर नव्हता. मुलाची ती फुगलेली शीर त्यांना बघवत नसे, एवढंच. शब्द अडला की त्यांच्याच छातीत काहीतरी अडायचं, आणि मग ते तो शब्द पटकन उचलून देत. खाली पडलेली वस्तू उचलून द्यावी तसा.

गेल्या वर्षी आष्ट्याला मुलगी बघायला गेले होते. प्रियदर्शनी नाव. पोहे झाले. मुलीनं धीर करून सरळ आर्जवला विचारलं, "तुम्हाला काय करायला आवडतं?" आर्जवनं श्वास घेतला. तो अर्धा आत गेला असेल नसेल तोवर अण्णा म्हणाले, "त्याला व्हय? त्याला मशीन द्या आणि बाजूला व्हा!" मग पाचगणीची हवा, शाळेतली मोठ्या घरची पोरं, आर्जवनं एका दिवसात दुरुस्त केलेला जनरेटर. पाऊण तास बैठक रंगली. निघताना मुलीचे वडील अण्णांचा हात धरून म्हणाले, "लय दिवसांनी एवढ्या गप्पा झाल्या." चार दिवसांनी नकार आला.

*

चावी आली. वॉचमन बरोबर निघाला. त्याचं नाव धुळा. साठीच्या आसपासचा, जन्म मेंढरांमागं गेलेला, आता पाय थकले म्हणून गेटवर.

खोलीत फार काही नव्हतं. एक ट्रंक, दोरीवर दोन शर्ट, टेबलावर हत्यारांची पिशवी, खिडकीत दाढीचं सामान. भूपालअण्णा शर्ट काढून घडी घालू लागले. हात आपोआप साडीची घडी घालत होते, लांब, अरुंद. दोनदा मोडली, दोनदा घातली.

"तुमचा पोरगा बोलाय लय चांगला हुता," दाराशी टेकून धुळा म्हणाला.

अण्णांना वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल बोलायची रीत म्हणून म्हणतोय. "तोतरा हुता हो तो. बोलतच नसायचा," ते म्हणाले.

"तोतरा हुता की. पण बोलाय चांगला हुता." धुळानं मान हलवली. "आता बगा, हितं दीडशे माणूस कामाला हाय. जाता येता समदी इचारत्यात, काय धुळाबापू, बरं हाय का? आन् म्होरं जात्यात. ह्यो थांबायचा. माजी धाकली मेंढी आजारी हुती, गावाकडं. मी बोलता बोलता बोललो आसंन. आठ दिवसांनी त्येनं इचारलं, ब ब बापू, मेंढी उटली का? मला रडूच आलं. घरच्यांनीबी इचारलं नव्हतं."

"व्हय," अण्णा म्हणाले.

"एक वाक्य बोलाय त्येला येळ लागायचा. पर आमाला कुटं गाडी धरायची हुती? आमी थांबायचो. त्येच्यासंगं बसून आमालाबी सवय लागली. पैल्यांदा माणूस तोंडावरचं बोलतंय. थांबलं तर मग खालचं येतंय वर." धुळा जरा हसला. "मेंढरं राखताना हिरीचं पाणी काडतो न्हवं, तसंच."

तेवढ्यात एक बाई ताट घेऊन आली. जाडजूड, हाताला पिठाचे ठिपके. मेसमध्ये चपात्या लाटणारी दगडाबाई. ताट टेबलावर ठेवून ती पदरानं हात पुसत म्हणाली, "जेवा दादा. कांदा-लसूण न्हाई घातल्याला. बटाटाबी न्हाई. आर्जवनं सांगितल्यालं हाय मला, माझं अण्णा खाईत न्हाईत म्हणून."

अण्णांनी वर पाहिलं. "त्यो... माझ्याबद्दल बोलायचा?"

"तर वो! लय. म्हणायचा, आमचं अण्णा बोलाय लागलं की गादीवरची साडी आपसूक उलगडती." दगडाबाई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "म्हणायचा, मला त्यांच्यावानी बोलाय याया पायजे हुतं. मी म्हनलं, बाळा, तुज्यावानी ऐकाय येतंय का कुणाला? माजा मालक गेला तवा सोळा बाया आल्या, समद्यांनी मला गप कर, गप कर केलं. ह्यो एकटाच म्हनला, मावशी, काका कसं हुतं, सांगा. चपात्या झाल्या, भांडी झाली, मी सांगतच हुते."

भूपालअण्णांनी घास उचलला. तो तोंडात फिरू लागला. चौतीस वर्षं हजारो माणसांशी आपण बोललो. त्यातल्या एकाही बाईचा नवरा कसा होता हे आपल्याला माहीत नव्हतं.

ते दोघं गेले. अण्णा ट्रंक भरू लागले, आणि दारात सावली पडली.

"मी आत येऊ का?"

पांढऱ्या गणवेशातली मुलगी होती. तीसएक वर्षांची. शाळेच्या आजारखोलीतली नर्स. "मी रूपाली," ती म्हणाली. "गाव रहिमतपूर."

"या, या सिस्टर, बसा. रहिमतपूर म्हणजे आमच्या..." सवयीनं ओठांवर आलेलं पुढचं वाक्य अण्णांनी गिळलं. कशामुळं कोण जाणे. कदाचित तिचे हात बघून. ती एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून उभी होती.

ती कॉटच्या कडेला बसली. बाहेर मैदानावर पोरांची कवायत चालली होती. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"दिवाळीत ते घरी आले होते," शेवटी ती म्हणाली. "तेव्हा त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का? माझ्याबद्दल?"

भूपालअण्णांचे हात ट्रंकेवर थांबले.

दिवाळी. महावीरांच्या निर्वाण लाडूची पहाट. ते बस्तीत जायच्या घाईत होते, आरशासमोर टोपी नीट करत होते. आर्जव मागं येऊन उभा राहिला. आंघोळ करून, केस विंचरून, नवा शर्ट घालून. म्हणाला, "अण्णा, म मला एक सांगायचंय." "बोल की," अण्णा आरशातून म्हणाले. "म मला ल... ल ल... लग्न..." शीर फुगली. डोळे मिटले. आणि अण्णांच्या छातीत ते नेहमीचं काहीतरी अडलं. ते वळले, पोराच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, "करायचं न्हाई. कळलं मला. आष्ट्याचं मनाला लागलं तुझ्या. राहू दे रं. तुला नको तर नको. मी पुन्हा कुठं बघायला जात न्हाई. बापाला कळतंय बाळा, सांगावं लागत न्हाई."

आर्जवनं डोळे उघडले. बापाकडं पाहिलं. तोंड जरा उघडं होतं, ते मिटलं. आणि तो हसला. कसा हसला होता? त्यावेळी अण्णांना ते हसू सुटकेचं वाटलं होतं. बस्तीत लाडू चढवताना मनात आलं होतं, पोरगं बोललं नाही तरी आपल्याला किती कळतं.

रूपाली त्यांच्याकडं बघत होती.

खोटं बोलणं सोपं होतं. शब्द तर तयारच होते. व्हय बाळा, सांगितलं होतं, आम्हाला पसंत होतीस तू, उन्हाळ्यात बघायला येणार होतो. एवढं बोलले असते तर पोरीच्या जिवाला थंडावा मिळाला असता. रंग उडालेली साडीसुद्धा त्यांनी आजवर हसत खपवली होती.

"सांगत हुता," अण्णा म्हणाले. "मी मधेच बोललो."

रूपालीनं धरलेलं मनगट सोडलं.

"लग्न म्हणाला. मला वाटलं, नको म्हणतोय. मीच वाक्य पुरं केलं त्याचं. लहानपणापासनं मीच करत आलोय."

आता ती ओरडेल, रडेल, निदान तोंड तरी फिरवेल असं त्यांना वाटलं. ती मान खाली घालून बसली. मग म्हणाली, "हे मला सांगितलं नाही त्यांनी. परत आले तेव्हा म्हणाले, अण्णा घाईत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवांत सांगतो. तरी मला वाटलं, थोडं तरी बोलले असतील. तुमच्यावर रागावले नव्हते ते. खरंच."

"रागवायला पायजे हुतं त्यानं," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय सांगणार हुता? काय वाक्य हुतं?"

रूपालीनं डोळे पुसले. "दिवाळीच्या आधी महिनाभर रोज म्हणून बघायचे. संध्याकाळी पंपघराजवळ. मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, तू अण्णा हो." ती थांबली. "तीनच वाक्यं होती. 'अण्णा, मला लग्न करायचंय. तिचं नाव रूपाली. ती आपल्यातली नाही, पण तुम्ही तिला एकदा भेटा.' 'लग्न'वर अडायचे. मग थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा म्हणायचे. शेवटी शेवटी न अडता यायला लागलं होतं. मी म्हणायचे, फोनवर सांगा, नाहीतर लिहून द्या. तर म्हणाले, नको. अण्णा बोलण्यातले मोठे. त्यांच्यासमोर मला तोंडानंच बोलायचंय."

बाहेरची कवायत संपली होती. पोरं आरडाओरडा करत वसतिगृहाकडं धावली आणि परत सगळं शांत झालं.

"तुझं आणि त्याचं..." अण्णांनी विचारलं, आणि यावेळी जपून, एकेक शब्द ठेवत विचारलं, "तुमी काय बोलत होता?"

मग ती सांगत राहिली. आजारखोलीतला गिझर बिघडला होता तिथपासून. तिच्या वडिलांचं दुखणं, त्याची पहिली पाचगणीची थंडी, दोघांना न आवडणारी मेसची खीर. मधे मधे ती थांबे, आणि भूपालअण्णा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले असत. तासभर त्यांनी एक शब्द काढला नाही. बत्तीस वर्षांच्या आपल्याच मुलाची त्यांची पहिली ओळख होत होती, आणि ती करून द्यायला परकी पोर बसली होती.

निघताना त्यांनी तिला ट्रंकेतलं काय हवं ते घे म्हटलं. तिनं काहीच घेतलं नाही. फक्त तिचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. गेटवर धुळानं ट्रंक उचलून रिक्षात ठेवली. यावेळी अण्णा त्याच्याशी काही बोलले नाहीत, नुसता त्याचा हात धरला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात गेले नाहीत. गुणमाला, त्यांची बायको, सोप्यात बसून सूपभर हरभरे निवडत होती. पस्तीस वर्षांच्या संसारात ती कमीच बोलत आलेली. घरात बोलायला एकजण होता, तेवढं पुरत होतं.

अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "तिथं एक पोरगी भेटली," ते म्हणाले.

"रूपाली," गुणमाला म्हणाली. हात हरभऱ्यात चालूच होते.

अण्णा बघत राहिले. "तुला माहीत हुतं?"

"दुपारी फोन करायचा त्यो. तुमी दुकानात असताना. सावकाश बोलायचा. आठ-नऊ म्हैनं झालं सांगून मला."

"मग मला का न्हाई बोललीस?"

"त्यानं शपथ घातली हुती. म्हणाला, आई, तू सांगू नको. अण्णांना मी स्वतः सांगणार." गुणमालेचे हात थांबले. "दिवाळीत सांगून आला बाहेर, तर मी चुलीपाशी हुते. म्हनलं, सांगितलंस का रं? तर म्हणाला, अर्धं सांगितलंय आई. अर्धं ऱ्हायलंय."

अण्णांनी सुपातला एक हरभरा उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघं तशीच बसली.

"कशी हाय पोरगी?" गुणमालेनं विचारलं.

साडीच्या एका काठावर अर्धा तास बोलणारा माणूस. त्यानं विचार केला. "हळू बोलती," तो म्हणाला. आणि पुष्कळ वेळानं, "त्याच्याबद्दल बोलताना हसती मधेच."

"नंबर हाय?"

अण्णांनी खिशातली चिठ्ठी काढली. चष्मा लावून एकेक आकडा दाबला आणि वाजायला लागल्यावर फोन बायकोच्या हातात दिला. गुणमालेनं पदराला हात पुसून तो कानाला लावला.

"मी आर्जवची आई," ती म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. पलीकडूनही आवाज येत नव्हता. अण्णा तिच्या चेहऱ्याकडं बघत बसले. गुणमालेनं डोळे मिटून घेतले होते, आणि फोन कानाशी दोन्ही हातांनी धरला होता. बोलणं होत नव्हतं, पण फोन कुणीच ठेवत नव्हतं.